पन्नास वावांखालचा किनारा

‘समुद्रबूड जमीन’ हा शब्द आपण सगळ्यांनीच शाळेत भूगोलात पाठ केला. त्यातलं ‘बूड’ अक्षरशः खरं आहे, हे मला फार उशिरा उमगलं.

मुंबईसमोर ही जमीन पाण्याखालून सुमारे ३०० किलोमीटर पसरली आहे. ती बघायची कशी? तर आवाजाने. शेतात तास धरावेत तसं सर्वेक्षणाचं जहाज सरळ रेषांत ये-जा करतं आणि तळाकडे ध्वनी सोडत राहतं. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर धावतो. तळ ९० मीटरवर असेल, तर ०.१२ सेकंदात प्रतिध्वनी हजर! बारीक, उंच पट्टीचा आवाज तळावरूनच परततो. खर्जातला मात्र गाळात शिरतो आणि एकेका थरावरून थोडाथोडा माघारी येतो. पडद्यावर जमिनीचा उभा छेद उमटत जातो.

किनाऱ्याजवळ नद्यांनी आणलेला चिखल दिसतो. मध्येच चित्र एकदम काजळतं. गाळात कुजलेल्या जीवद्रव्यातून निघालेला मिथेन तिथे साठलेला असतो. तो ध्वनी गिळून टाकतो आणि खालचं काहीच दिसत नाही.

पुढे, पन्नास-साठ मीटर खोलीनंतर, चिखल संपून वाळू लागते. कितीही स्पष्ट प्रतिध्वनी आला तरी त्या वाळूचं वय तो सांगत नाही. त्यासाठी यांत्रिक पंजा सोडून ती वरच आणावी लागते.

त्या वाळूतले काही कण भिंगाखाली खसखशीसारखे गोल, गुळगुळीत दिसतात. एखादा कण कापला, की आत कांद्यासारखे पापुद्रे: मधल्या बारीकशा कणाभोवती चुन्याचं एकेक पूट चढलेलं. असे कण घडतात ते उबदार, काही मीटरच खोल पाण्यात, लाटांनी सतत लोळवल्यावर. आणि हे तर ८०-९० मीटरवरून आलेले! कार्बन कालमापनाने त्यांचं वय सुमारे दहा हजार वर्षं भरतं. म्हणजे ते घडले तेव्हा उथळ पाणी तिथे होतं, आजच्या किनाऱ्याशी नव्हे.

हे कण जिथून आले, गुजरात-मुंबईसमोरच्या त्या सपाट भागाचं नाव ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’. फॅदम म्हणजे आपल्या दर्यावर्दींचा वाव. पन्नास वाव म्हणजे ९१ मीटर.

हे कण घडण्याच्याही आधी, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, पृथ्वीवरचं अफाट पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. मुंबईहून समुद्र बघायला तेव्हा पश्चिमेकडे दोनशेहून अधिक किलोमीटर चालत जावं लागलं असतं.