स्पेनमधील ऋतू आणि उत्सव

युरोप खंडाच्या नैर्ऋत्य टोकास आयबेरिया नावाचे द्वीपकल्प आहे. त्याचा बहुतेक भाग स्पेन या देशाने व्यापिला आहे. देशाच्या मध्यभागी विस्तीर्ण पठार असून तेथील उन्हाळा कडक व हिवाळा बोचरा असतो. उत्तरेच्या किनाऱ्यावर पाऊस भरपूर पडतो; पूर्वेकडे भूमध्य सागराच्या सान्निध्यामुळे हवा सौम्य राहते. एकाच देशात असे निरनिराळे हवामान असल्यामुळे पिके वेगळी, पिकांचे हंगाम वेगळे आणि हंगामांबरोबर येणारे उत्सवही वेगळे. त्यात ख्रिस्ती संतांच्या स्मरणदिनांची भर पडली. म्हणूनच स्पेनमधील लहानशा गावासही स्वतःचा संत आणि स्वतःचा उत्सव असतो.

हे उत्सव पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी येतात. स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास आहे. पण २०२४ साली त्या देशात नऊ कोटींहून अधिक परदेशी प्रवासी येऊन गेले. यांपैकी अनेकजण मार्गदर्शकाबरोबर गटागटाने हिंडतात. कोठे उभे राहावे व केव्हा पोहोचावे हे तर मार्गदर्शक सांगतोच. पण लोक हे असे का करतात, हे समजावून देणे हे त्याचे खरे काम होय. उत्सव नुसता पाहणे आणि तो समजणे, यांत मोठे अंतर आहे.

वसंतापासून आरंभ करू. पूर्व किनाऱ्यावरील वालेन्सिया शहरात मार्च महिन्यात ‘फायास’ नावाचा उत्सव होतो. १९ मार्च हा संत जोसेफ यांचा दिवस. हे संत सुतारांचे आराध्य मानले जातात. हिवाळ्यात दिवस लहान असल्यामुळे सुतारांना दिव्याच्या उजेडात काम करावे लागे व त्यासाठी ते लाकडी दिवठाणी वापरीत. वसंत आला, दिवस मोठा झाला, की ती दिवठाणी व कारखान्यातील टाकाऊ लाकूड ते रस्त्यावर आणून जाळीत. पुढे त्या लाकडास जुने कपडे चढवून माणसाचे रूप देण्यात येऊ लागले व त्यातून आजचा उत्सव निर्माण झाला, असे परंपरेने सांगतात.

आज शहरातील गल्लोगल्लीची मंडळे वर्षभर वर्गणी जमवितात आणि कलावंतांकडून प्रचंड देखावे करवून घेतात. काही देखावे अनेक मजली घराएवढे उंच असतात. त्यांतील पुतळ्यांना ‘निनोत’ म्हणतात. पुढाऱ्यांचा दिखाऊपणा, श्रीमंतांचा लोभ, नव्या चालीरीतींतील वेडेपणा या सर्वांची त्यांत मनसोक्त थट्टा केलेली असते. मार्चच्या पहिल्या तारखेपासून रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात दारूकाम होते. भर दुपारी दारूकाम कशासाठी, असा प्रश्न परक्या माणसास पडतो. पण ते डोळ्यांसाठी नसून कानांसाठी असते! आवाजांची लय हळूहळू वाढत जाते आणि अखेरीस पायांखालची जमीन थरथरू लागते. कानांचे पडदे दुखू नयेत म्हणून तोंड किंचित उघडे ठेवावे, असा सल्ला जाणते लोक देतात.

१९ मार्चच्या रात्री हे सारे देखावे जाळून टाकतात. प्रथम मुलांचे लहान देखावे, मग मोठे. शेजारची घरे पेटू नयेत म्हणून अग्निशामक दलाचे जवान भिंतींवर पाणी मारीत उभे असतात. वर्षभराचे श्रम काही मिनिटांत राख होतात. पाहुणा हळहळतो, वालेन्सियाच्या माणसाच्या डोळ्यांतही पाणी असते. परंतु दुसऱ्याच दिवसापासून तो पुढच्या वर्षाच्या तयारीस लागतो. जुने जाळावे व नवे घडवावे, हाच वसंताचा अर्थ त्याने मानला आहे. एका पुतळ्यास मात्र जीवदान मिळते. १९३४ सालापासून दरवर्षी लोक मत देऊन आपला आवडता पुतळा निवडतात व तो संग्रहालयात जपून ठेवतात.

या उत्सवावर अलीकडे दोन मोठी संकटे आली. २०२० साली महामारीमुळे तो ऐन वेळी रद्द करावा लागला. पुढील वर्षी तो मार्चऐवजी सप्टेंबरात पार पडला. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वालेन्सिया प्रांतात महापूर आला. दोनशेहून अधिक माणसे दगावली व असंख्य घरांत चिखल भरला. तरीही २०२५ च्या मार्चमध्ये देखावे पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पेटले. ज्यांनी आप्त गमावले होते त्यांच्या शहरात हा उत्सव केवळ करमणूक कसा राहील? जीवन पुन्हा सुरू झाले, असे त्या लोकांनी एकमेकांस सांगितले.

दक्षिणेकडील सेव्हिल शहरात वसंताचे रूप निराळे दिसते. ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात तेथे येशू ख्रिस्त व माता मारिया यांच्या मूर्तींच्या मिरवणुका निघतात. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणारा रविवार हा ईस्टरचा दिवस. म्हणून हा सप्ताह दरवर्षी मागेपुढे होतो. मूर्तींचे जड मखर वाहणारी माणसे मखराच्या खाली, पडद्याआड असतात. त्यांना रस्ता दिसत नाही. पुढे चालणाऱ्या नायकाच्या आवाजावर विश्वास ठेवून ती एका पावलाने चालतात. अशा वेळी प्रेक्षकाने मौन पाळावे, हे सांगावे लागू नये. पुढे सुमारे दोन आठवड्यांनी त्याच शहरात मोठी जत्रा भरते. १८४७ साली गुरांचा बाजार म्हणून ती सुरू झाली. आज तेथे नाचगाणे व पाहुणचार चालतो. मैदानात हजाराहून अधिक तंबू असतात. त्यांतील बहुतेक खाजगी असून बोलावण्यावाचून आत जाता येत नाही. सर्वांसाठी खुले तंबू कोणते, हे जाणकार मार्गदर्शक दाखवितो.

उन्हाळ्यात ऑगस्टच्या अखेरच्या बुधवारी वालेन्सियाजवळच्या बुन्योल गावी टोमॅटोची लढाई होते. खाण्याच्या दृष्टीने कनिष्ठ प्रतीचे शंभराहून अधिक टन टोमॅटो तासाभरात एकमेकांवर फेकले जातात. मध्यंतरी या खेळावर बंदी आली, तेव्हा १९५७ साली गावकऱ्यांनी एका मोठ्या टोमॅटोची वाजतगाजत प्रेतयात्रा काढून आपला निषेध नोंदविला! हा खेळ वाटतो तितका बेबंद नाही. फेकण्यापूर्वी टोमॅटो हातात चिरडावा म्हणजे कोणास इजा होत नाही, आणि थांबण्याची खूण होताच हात आवरावा, असे त्याचे नियम आहेत. मात्र सुमारे दहा हजार वस्तीच्या या गावात चाळीस हजारांहून अधिक लोक लोटू लागले, तेव्हा यजमानांनाच उभे राहण्यास जागा उरेना. अखेर २०१३ पासून शुल्क बसवून ही संख्या वीस हजारांवर आणण्यात आली.

प्रत्येक रूढी वाखाणण्याजोगी असते असे नव्हे. जुलैमध्ये पाम्प्लोना शहरात रस्त्यांतून बैल सोडतात व माणसे त्यांच्यापुढे धावतात. यात माणसे जखमी होतात, आणि संध्याकाळी झुंजीच्या रिंगणात त्याच बैलांना प्राण गमवावे लागतात. या प्रथेविषयी स्वतः स्पेनच्या लोकांतच तीव्र मतभेद आहेत.

शरद ऋतूतील मानवी मनोरे मात्र कोणाचेही मन जिंकतील. कॅटलोनिया प्रांतातील लोक त्यांना ‘कास्तेल’, म्हणजे किल्ला, म्हणतात. आपल्या दहीहंडीच्या थरांची त्यांवरून आठवण होते. तळाशी शेकडो माणसे एकमेकांस बिलगून भक्कम पाया रचतात. त्यावर थरांवर थर चढतात. सनईसारख्या वाद्याचे सूर ऐकून खालच्यांना कोठवर मजल गेली ते कळते, कारण त्यांना वरचे काहीच दिसत नसते. कमरेस घट्ट गुंडाळलेला लांब पट्टा पाठीस आधार देतो व चढणाऱ्यास पाय ठेवावयासही उपयोगी पडतो. शेवटी एक लहान मूल टोकावर जाऊन हात उंचावते. निष्णात पथके दहा थरांपर्यंत जातात. येथे एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे: मनोरा रचून तो सुखरूप उतरविला, तरच कामगिरी पूर्ण झाली असे मानतात. २००६ साली एका मुलीचा पडून मृत्यू झाला. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांसाठी शिरस्त्राण आले. परंपरेचे प्रेम आणि मुलांच्या जिवाची काळजी यांत विरोध नाही, हे त्या लोकांनी ओळखले. २०१० साली युनेस्कोने या मनोऱ्यांचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात समावेश केला.

वर्षाची अखेर गोड होते. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री माद्रिदच्या ‘पुएर्ता देल सोल’ चौकातील घड्याळ बारा ठोके देते. प्रत्येक ठोक्यास एक द्राक्ष, याप्रमाणे देशभर लोक बारा द्राक्षे खातात. ज्याची द्राक्षे ठोक्यांबरोबर संपतील त्यास नवे वर्ष सुखाचे जाते, अशी समजूत आहे.

हे उत्सव प्रवाशांसाठी निर्माण झालेले नाहीत. सुतार, शेतकरी, ओझे वाहणारे हमाल आणि गल्लीतील मुले यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या घडविले. प्रवाशाने दिलेल्या पैशाने गावाचा लाभ होतो हे खरे. परंतु गर्दी वाढत गेली आणि गावकरीच मागे सरले, तर उरेल तो केवळ देखावा. म्हणून परक्या देशातील उत्सवास जाणाऱ्याने थोडे आधी वाचावे, मार्गदर्शकास प्रश्न विचारावेत, छायाचित्र घेण्यापूर्वी संमती घ्यावी, आणि जेथे लोक प्रार्थना करीत असतील तेथे शांत उभे राहावे. असा पाहुणा कोणत्याही गावास जड होत नाही. आणि उत्सवाचा खरा आनंदही त्यालाच मिळतो.