पाठ टेकल्यावर

लेक पुण्याला शिकायला गेली आणि महिन्याभरात तिचा फोन आला, "आई, मी जिउ जित्सूचा क्लास लावलाय." मी म्हटलं, "अगं, शाळेत ज्युदो शिकलीस, तेच ना हे?" ती हसली. "दिवाळीला आले की दाखवते."

दाखवलं ते हॉलमधल्या गादीवर, मलाच आडवं करून! सासूबाई दिवाणावरून बघतच राहिल्या.

तर मैत्रिणींनो, मूळ एकच. जपानमधल्या सामुराईंची जुजुत्सू. हातातलं शस्त्र गेलं आणि शत्रू अंगाशी आला, तर काय करायचं याची ही विद्या. आपल्या गाण्यासारखीच तिचीही घराणी होती. शिकवणं बहुतेक जोडीनं, ठरलेल्या हालचालींचं. तू मनगट धर, मी असं सोडवते. फटके, सांधे पिळणं, वार चुकवणं, सगळं त्यात येतं. पण समोरचा ठरल्याप्रमाणेच वागतो, खरा प्रतिकार करत नाही.

जिगोरो कानो या शिक्षकाला नेमकं हेच खटकलं असावं. त्यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था काढली. दोघांनाही पूर्ण जोर लावून झुंजता यावं म्हणून जास्त धोक्याचे डाव त्या सरावातून बाजूला ठेवले. हाच ज्युदो. त्यात भर उभ्यानं फेकण्यावर. समोरच्याला वेगानं, जोरात पाठीवर टाकलं की सामना तिथंच संपतो. जमिनीवरही झुंज चालते, पण काही घडेना असं दिसलं की पंच दोघांना उभं करतात. जत्रेतली कुस्ती बघत वाढलेल्या आपल्याला हे लगेच कळतं. पाठ टेकली, संपलं!

कानोंच्या संस्थेतले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले. तिथं ग्रेसी घराण्यातला कार्लोस त्यांच्याकडे शिकला. त्याचा धाकटा भाऊ एलिओ अंगानं किरकोळ. दांडगटाला फेकण्याइतका जोर नसेल, तर खाली पडल्यावर तरी काय करता येईल, यावर या भावांनी डोकं लावलं. म्हणून ब्राझिलियन जिउ जित्सूत पाठ टेकली की खेळ संपत नाही. खरा तर तिथून सुरू होतो.

लेकीनं मला उताणं झोपवलं, स्वतः वर आली. "आता पाय माझ्या कमरेभोवती घाल. माझी बाही धरून ओढ." माझे गुडघे कुरकुरले, पण काय सांगू, ती जागची हलेना! पायांत केवढा जोर असतो, तो आपण कधी वापरतच नाही. याला म्हणतात गार्ड. अंगावर कुणी आलं तर... ही भीती आपल्यातल्या प्रत्येकीच्या पोटात असते. मी ती कधी लेकीजवळ बोलले नव्हते. आणि ही पोरगी नेमक्या तिथंच बोट ठेवून शिकवत होती.

सासूबाईंनी विचारलंच, "तिथं मुलांबरोबर असं लोळायचं?"

"हो आजी. पण पहिल्या दिवशी टॅप शिकवतात. दोनदा थोपटलं की समोरच्यानं लगेच सोडायचं. न सोडणाऱ्याला सर परत घेत नाहीत. आणि मला मुलींबरोबरच करायचंय म्हटलं तरी चालतं."

सासूबाई गप्प झाल्या. पटलं असं नाही म्हणणार.

मी मात्र लेकीला उलटं विचारलं, रस्त्यावर दोघेतिघे असले तर? तीच म्हणाली, तेव्हा जमिनीवर थांबायचंच नाही, उठून पळायचं. स्पर्धेच्या जिउ जित्सूत ठोसे नसतात, चाकूही नसतो, त्यामुळे त्यांचा सराव होतोच असं नाही. माझं मत विचाराल तर गावात ज्युदोचाच क्लास असेल तर मुलीला खुशाल घाला. तो शालेय स्पर्धांतही आहे, आणि पडायचं कसं हे त्यात आधी शिकवतात. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुशीला देवी आणि तुलिका मान यांनी ज्युदोत रौप्यपदकं आणली होती. फक्त जमिनीवरचा सराव किती घेता, हे सरांना विचारा.

निघायच्या आदल्या रात्री तिनं परत गादी ओढली. या वेळी ती खाली, मी वर. "आई, खरा जोर लाव." लावला. दोन मिनिटांत तिच्या दंडावर थोपटायची वेळ माझ्यावर आली.