नक्षत्रे का सरकतात?

नोव्हेंबरच्या मध्यास, सूर्यास्तानंतर तासाभराने, रायपूरच्या भनपुरी भागातून पूर्वेकडे पाहिले असता क्षितिजाच्या थोडे वर ताऱ्यांचा एक लहानसा पुंजका दृष्टीस पडतो. या कृत्तिका होत. भनपुरी ही आता कारखान्यांची वस्ती असल्यामुळे दिव्यांच्या उजेडात त्या शोधण्यास थोडे सायास पडतात. शहराबाहेर धानाच्या शेतांकडे गेल्यास त्या सहज ओळखू येतात. फेब्रुवारीत त्याच वेळी त्या जवळजवळ माथ्यावर आलेल्या असतात, एप्रिलअखेर पश्चिमेच्या संधिप्रकाशात बुडतात, आणि मे महिन्यात त्यांचा मागमूसही लागत नाही. जूनच्या उत्तरार्धात पाहावे तो त्या पहाटे पूर्वेस पुन्हा हजर! हे तारे जातात कोठे, आणि परत येतात कसे?

रात्रीच्या रात्री तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतात, याचे कारण पृथ्वीचे स्वतःभोवतीचे भ्रमण, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. मात्र ताऱ्यांच्या अपेक्षेने पाहिल्यास पृथ्वीची ही फेरी चोवीस तासांत नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी होते. तेवढ्या अवधीत पृथ्वी सूर्याभोवतीच्या आपल्या मार्गावर सुमारे एक अंश पुढे गेलेली असते. म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर येण्यासाठी तिला आणखी एक अंश वळावे लागते, व त्यास सुमारे चार मिनिटे लागतात. आपली घड्याळे सूर्यानुसार चालतात. साहजिकच कोणताही तारा आज उगवला त्यापेक्षा उद्या चार मिनिटे अगोदर उगवतो. महिन्याभरात हा फरक दोन तासांचा होतो व वर्षाअखेर चोवीस तासांचा होऊन चक्र पुरे होते. मे महिन्यात कृत्तिका नाहीशा होत नाहीत. त्या सूर्याच्या पलीकडे, दिवसाच्या आकाशात असतात, इतकेच.

पाहणाऱ्याचे स्थान बदलले तरीही आकाश बदलते. भनपुरीहून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर सुमारे २१ अंशांवर दिसतो, आणि सप्तर्षी येथे उगवतात व मावळतात. लंडनमध्ये ते कधीच मावळत नाहीत. पण आपल्याकडे हिवाळ्यात दक्षिणेस झळकणारा अगस्त्य मात्र तेथील लोकांस कधीच दिसत नाही.

येथवरचे बदल वर्षभरात स्वतः पडताळून पाहता येतात. तिसरा बदल एका आयुष्यात जाणवण्यासारखा नाही. भनपुरीहून कृत्तिका नेमक्या कोठे उगवतात ते पाहिले, तर त्या ठीक पूर्वेस न उगवता पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारे २६ अंशांवर उगवताना आढळतील. शतपथ ब्राह्मणात मात्र कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे म्हटले आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात या वचनावरून गणित मांडून असा निष्कर्ष काढला की, ही स्थिती इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे इतकी जुनी असली पाहिजे. त्यापूर्वी तीनच वर्षे, १८९३ मध्ये, लोकमान्य टिळकांच्या ‘ओरायन’ने मृगशीर्षातील वसंतसंपातावरून वेदकाल ठरविण्याचा प्रयत्न केला होता. या निष्कर्षांवर विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाले; परंतु ज्या गतीवर हे गणित उभे आहे तिच्याविषयी वाद नाही.

ती गती म्हणजे संपातचलन. पृथ्वी पूर्ण गोल नाही; विषुववृत्तापाशी तिचा व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरांनी अधिक आहे. या फुगवट्यावर चंद्र व सूर्य यांचे आकर्षण तिरपे पडते, आणि त्यामुळे फिरत्या भोवऱ्याची आर जशी डुलत वर्तुळ काढते, तसा पृथ्वीचा अक्ष सुमारे २५,८०० वर्षांत आकाशात एक फेरा घेतो. म्हणून ध्रुवपदही एकाच ताऱ्याकडे राहत नाही. पिरॅमिडे बांधली जात होती त्या काळी कालेय तारकासमूहातील एक मंद तारा उत्तर ध्रुवाजवळ होता. आणखी सुमारे बारा हजार वर्षांनी तेजस्वी अभिजित त्या बाजूस येईल.

तारे स्वतःही स्थिर नाहीत. स्वाती, व्याध व रोहिणी हे प्राचीन ग्रीकांनी नोंदविलेल्या जागांवरून सरकले आहेत, हे हॅली याने १७१८ मध्ये दाखविले. पण स्वातीसारख्या वेगवान ताऱ्यासही चंद्रबिंबाइतके अंतर कापण्यास आठशे वर्षे लागतात. नक्षत्रांचे आकार त्यामुळे आपल्या इतिहासकाळात फारसे बदललेले नाहीत.

संपातचलनाचा संबंध मात्र थेट शेतापर्यंत पोहोचतो. मराठी शेतकरी पाऊस नक्षत्रांवरून मोजतो; ७ किंवा ८ जूनला सूर्य मृगात शिरला की पेरणीची घाई सुरू होते. परंतु पाऊस मृगाच्या ताऱ्यांमुळे पडत नाही. तो ऋतूचा भाग आहे, आणि ऋतू वसंतसंपाताशी बांधलेले आहेत. ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. त्यामुळे साधारण एकाहत्तर वर्षांत ‘मृग’ एक दिवस पुढे सरकतो. शिवकालापासून आजवर तो सुमारे पाच दिवस सरकला आहे. मकरसंक्रांतीची गोष्टही तीच: खरे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते, आणि संक्रांत जानेवारीच्या मध्यास येते. ही दोन्ही एकत्र होती त्यास सुमारे सतराशे वर्षे लोटली. जुन्या ग्रंथांतील अयनारंभ आपल्या काळाशी जुळत नाही, हे सहाव्या शतकात वराहमिहिरानेही नमूद केले होते.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे हाच प्रश्न होता. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय पंचांग अमलात आले व त्याचा वर्षारंभ वसंतसंपाताच्या लगतच्या दिवसाशी बांधण्यात आला. घरोघरची पंचांगे मात्र ताऱ्यांवरच चालत राहिली. तीच गणना पुढे चालू ठेवली, तर दोन हजार वर्षांनी सूर्य मृगात जाईल तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात.