पिल्लू आईपाशी आठ आठवडे

मुलांनो, कुत्री व्याली की "मला आजच एक द्या" असा हट्ट धरता ना? जरा थांबा. जन्मतः पिल्लू आंधळं, बहिरं असतं. डोळे उघडतात 10 ते 14 दिवसांनी. पहिल्या आठवड्यात त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. गारठलं तर दूधही पचत नाही, अन् अशीच पिल्लं दगावतात. म्हणून खाली गोधडी घाला (आजीकडे जुनी असणारच!). रोज वजन करा. वाढलं नाही तर लगेच डॉक्टरकडे न्या. भावंडांशी मस्ती करताना चावा किती हळू घ्यायचा, तेही ते शिकतं.

आठ आठवड्यांनी खुशाल न्या. इस्रायलमध्ये तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस अन् चिप सक्तीची आहे. गोधडीचा तुकडा सोबत द्या; आईचा वास आला की पहिल्या रात्री पिल्लू कमी रडतं.