हौशी रेडिओ पुनःप्रेषकाचे व्याप्तिक्षेत्र

हौशी रेडिओ पुनःप्रेषकाचे व्याप्तिक्षेत्र : उंच जागी बसविलेल्या पुनःप्रेषकाच्या (रिपीटरच्या) साहाय्याने ज्या प्रदेशातील परवानाधारक हौशी रेडिओचालकांना परस्परांशी खात्रीने बोलता येते, तो प्रदेश. १९९३ चा किल्लारी भूकंप आणि २००१ चा भूज भूकंप यांसारख्या आपत्तींत, दूरध्वनी बंद पडले असता, हौशी चालकांनी संदेशवहनास हातभार लावला. अशा वेळी पथक कोठवर पाठविले तर त्याचा आवाज ऐकू येईल, हे आधी ठाऊक असावे लागते. या क्षेत्राचा नकाशा काढण्याचा मुख्य हेतू हाच होय.

पुनःप्रेषक एका कंप्रतेवर आलेला दुबळा संदेश ग्रहण करतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर अधिक शक्तीने प्रेषित करतो. भारतात या कामी बहुधा १४४ ते १४६ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा (तरंगलांबी सु. २ मी.) वापरतात, दोन कंप्रतांमधील अंतर सामान्यतः ६०० किलोहर्ट्‌झ असते. हे तरंग आयनांबरावरून सहसा परावर्तित होत नाहीत व जवळजवळ सरळ रेषेत जातात. वातावरणातील नेहमीचे प्रणमन धरून रेडिओ क्षितिजाचे अंतर किमी.मध्ये काढावयाचे, तर आकाशकाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळास ४·१२ ने गुणतात. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील संच १·५ मी. उंचीवर धरल्यास हे अंतर सु. ५ किमी. भरते, म्हणजे अशी दोन माणसे जेमतेम १० किमी. अंतरावरून बोलू शकतील. तोच संच मैदानापासून ४०० मी. उंच असलेल्या पुनःप्रेषकापर्यंत सु. ८७ किमी. अंतरावरून पोहोचू शकतो.

या आकड्याची त्रिज्या घेऊन नकाशावर वर्तुळ काढण्याची पद्धत सोपी असली, तरी डोंगराळ मुलखात ती फसवी ठरते. शिरपूरचा परिसर याचे चांगले उदाहरण आहे. दक्षिणेस तापीचे सखल मैदान, उत्तरेस सातपुड्याची भिंत आणि तिच्यातून उतरणाऱ्या अरुणावती व अनेर या नद्या, अशी तालुक्याची रचना आहे. धुळ्याजवळच्या एखाद्या टेकडीवर पुनःप्रेषक आहे असे मानल्यास, धुळे ते शिरपूर हे सरळ अंतर सु. ५० किमी. होते. या रेषेच्या मध्यभागी पृथ्वीच्या वक्रतेमुळे जमीन सु. ३७ मी. वर आल्यासारखी असते. शिवाय रेषा नुसती मोकळी असून भागत नाही. तरंगांना तिच्याभोवती रुंद मोकळीक लागते. फ्रेनेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या परिमंडलाची त्रिज्या येथे मध्यभागी सु. १५८ मी. येते व तिचा निदान ६० टक्के भाग अडथळ्यावाचून असावा लागतो. रेषा एखाद्या धारदार कड्याला स्पर्श करून गेली, तर सु. ६ डेसिबेल घट होते, म्हणजे शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते; कड्याआड खोल गेल्यास घट झपाट्याने वाढते. त्यामुळे मैदानातील एखाद्या खोलगट गावापेक्षा सातपुड्याचा दूरचा, पण दक्षिणेकडे तोंड केलेला उतार अधिक चांगला ऐकू येणे शक्य असते. पहिल्या रांगेमागच्या दऱ्या मात्र छायेत राहतात. पावरा व भिल्ल वस्त्या बऱ्याच अंशी याच डोंगरभागात आहेत आणि वर्तुळाच्या नकाशात त्या सर्व आत दिसतात.

पूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या पत्रकांवरील समोच्चता रेषा मोजून प्रत्येक दिशेचा भूछेद हाताने काढीत. एका पुनःप्रेषकासाठी असे छत्तीस छेद म्हणजे अनेक दिवसांची चिकाटी. लाँग्ली व राइस यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या, विषम भूप्रदेशातील तरंगघटीच्या गणनपद्धतीमुळे हे काम संगणकाकडे सोपविता येऊ लागले. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानातून रडारने केलेल्या भूमापनामुळे तर जगाच्या बऱ्याच मोठ्या भागाच्या उंचीची अंकीय सारणी उपलब्ध झाली. ‘रेडिओ मोबाइल’ व ‘स्प्लॅट’ या हौशी चालकांनीच रचलेल्या संगणक-कार्यक्रमांतून ती वापरली जाते.

असा रंगीत नकाशा हाती आला, की त्यावर गरजेपेक्षा अधिक विश्वास बसतो. त्यातील सर्वांत नेहमीची चूक म्हणजे तो पुनःप्रेषकाच्या शक्तीवरून काढणे. पुनःप्रेषकाची शक्ती २५ वॉट व हातातील संचाची ५ वॉट असेल, तर परतीचा संदेश पाचपट, म्हणजे सु. ७ डेसिबेल, दुबळा असतो. परिणामी क्षेत्राच्या कडेला असलेला माणूस सर्व काही ऐकतो, पण त्याचे कोणालाच ऐकू जात नाही. पुरात अडकलेल्या गावाच्या दृष्टीने अशा नकाशाचा उपयोग उलटाच होतो. म्हणून क्षेत्र नेहमी दुबळ्या बाजूवरून, हातातील संचाची शक्ती व त्याचा आखूड आकाशक धरून आखावे.

गणनेने काढलेली सीमा प्रत्यक्ष फिरून पडताळावी लागते. ठराविक ठिकाणी थांबून चालक बोलतो, स्थान नोंदवितो आणि दुसऱ्या टोकाचा चालक शब्दांची स्पष्टता व संकेतबल सांगतो. ऋतूकडेही लक्ष द्यावे लागते. सातपुड्यातील सागाची पाने गळलेली असताना, वैशाखात घेतलेल्या नोंदी पावसाळ्यातील ओल्या, दाट पानोऱ्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. तापीला पूर मात्र पावसाळ्यातच येतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या थरापेक्षा गार झाली, की तरंग वाकून एरवीपेक्षा पुष्कळ दूर जातात. त्या वेळी मिळालेला दूरचा संपर्क नकाशात धरू नये, हे नव्या चालकांना सांगावे लागते.

छायेतील दऱ्यांसाठी आणखी एखाद्या शिखरावर दुसरा पुनःप्रेषक बसविणे, हा सरळ उपाय होय. मात्र त्यास शासकीय परवानगी, वीज आणि देखभालीसाठी वर चढणारी माणसे लागतात. उपग्रहातील पुनःप्रेषक हा दुसरा मार्ग आहे. भारताने ५ मे २००५ रोजी सोडलेला हॅमसॅट २०१४ पर्यंत कार्यरत होता, परंतु तो काही मिनिटेच क्षितिजावर असे. २०१८ मध्ये सोडलेल्या एसहेल-२ या भूस्थिर उपग्रहावरील हौशी पुनःप्रेषक २५·९° पूर्व रेखांशावर असून तो शिरपूरहून पश्चिम-नैर्ऋत्येस, क्षितिजापासून सु. ३०° उंचीवर सापडतो. त्या बाजूने उघड्या असलेल्या दरीतून त्याच्याशी संपर्क साधता येतो, पण त्यासाठी २·४ गिगॅहर्ट्‌झचा प्रेषक व तबकडीसारखा आकाशक लागतो; हातातील साध्या संचाने हे साधत नाही.