पलीकडे न गेलेलं औषध

मुठीत मावेल एवढं काचेचं भांडं. वर उघडी पेली, खाली गोल पोट, पोटाच्या कुशीतून वर निघालेली एक नळी. पेली आणि पोट यांच्या मध्ये कातडीचा तुकडा चिमट्यानं आवळलेला. पोटात द्रावण, त्यात गरगरणारा इवलासा चुंबक. बाहेरून कोमट पाणी खेळवलेलं, म्हणजे कातडीचा पृष्ठभाग जिवंत माणसाच्या अंगावर असतो तसा ३२ अंशांवर राहतो. वर मलम लावायचं आणि ठरावीक वेळांनी नळीतून नमुना काढून पाहायचं, औषध किती उतरलं. टी. जे. फ्रान्झ यांनी १९७५ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. या भांड्याला त्यांचंच नाव पडलं, फ्रान्झ सेल.

कातडी बहुधा शस्त्रक्रियेत काढलेली माणसाच्या पोटाची, नाहीतर डुकराच्या कानाची. पण त्याआधी एक सोपी परीक्षा असते. कातडीच्या जागी कृत्रिम पडदा लावून फक्त एवढंच बघतात, की मलम औषध हातचं सोडतं का. ताकेरू हिगुची यांनी १९६१ मध्ये याचं गणित मांडलं. सुटलेलं औषध वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे एका तासात सुटलं त्याच्या दुप्पट सुटायला चार तास लागतात. पडद्यालगतचं औषध आधी संपतं, मागच्याला दरवेळी जास्त लांबून यावं लागतं.

कातडीचा अडसर याहून कठीण. तिचा सर्वांत वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. मेलेल्या चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि सांध्यांत स्निग्ध पदार्थांचा गिलावा. औषधाला बहुतांशी या गिलाव्यातून वाट काढावी लागते. ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू सहसा आत शिरत नाहीत.

मायकोसिस फंगॉइडिस या त्वचेच्या लिम्फोमात, म्हणजे एका कर्करोगात, हाच थर निर्णायक ठरतो. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले वैद्य आलिबेर यांनी १८०६ मध्ये हा रोग नोंदवला. पुढे गाठी अळंबीसारख्या दिसतात म्हणून नावात बुरशी आली. प्रत्यक्षात बुरशीचा काही संबंध नाही. रक्तातल्या टी पेशी बिघडतात आणि कातडीत ठाण मांडतात. सुरुवातीला नुसते लालसर, खवलेदार चट्टे. कित्येक रुग्णांवर वर्षानुवर्षं इसब किंवा सोरायसिस समजून उपचार होत राहतात. या टप्प्यावर रोगट पेशी त्या वरच्या थराच्या अगदी खाली असतात. मग सगळं शरीर औषधात का बुडवायचं? वरूनच का लावू नये?

लावायचं औषध मात्र भयंकर आहे. मेक्लोरेथामाइन हे मस्टर्ड वायूचं भावंड. १९४२ मध्ये येल विद्यापीठात याच कुळातलं औषध लिम्फोमासाठी शिरेतून दिलं गेलं आणि १९५०च्या दशकात मेक्लोरेथामाइन कातडीवर आलं. रेणू हलका, अडसर ओलांडू शकेल असा. पण पाण्यात तो झपाट्यानं विघटित होतो. म्हणून पाण्यातलं औषध रोज ताजं कालवावं लागे. नंतर औषधनिर्माते ते पेट्रोलॅटमच्या बेसमध्ये घोटून देऊ लागले. २०१३ मध्ये अमेरिकेत याच औषधाच्या जेलला मान्यता मिळाली. त्यात पाण्याऐवजी असे द्रावक आहेत की औषध टिकतं आणि कातडीत शिरायला त्याला मदत होते.

त्या मान्यतेमागच्या चाचणीत २६० रुग्ण होते. औषध तेच, प्रमाण तेच ०.०२ टक्के, एका गटाला जेल, दुसऱ्याला मलम. जेल मलमापेक्षा कमी पडत नाही, एवढंच दाखवायचं होतं. चट्ट्यांत प्रतिसाद दिसला तो जेलच्या गटात ५८.५ टक्के रुग्णांत, मलमाच्या गटात ४७.७ टक्के रुग्णांत. जेलनं जळजळही जास्त झाली. रेणू शोधणाऱ्याचं नाव राहतं, बेस बनवणाऱ्याचं कुणाला माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. इथं तर सगळा फरक त्याच्याच हातचा आहे.

निकोटिनच्या पट्टीत औषध कातडी ओलांडून रक्तात गेलं तर यश. इथं उलटं. औषध उंबरठा ओलांडून आत यावं आणि तिथंच थांबावं. म्हणून प्रयोग संपला की नुसतं खालचं द्रावण तपासून भागत नाही. चिकटपट्टीनं वरचा थर पापुद्र्या-पापुद्र्यानं उचलतात, उरलेली कातडी वेगळी करतात आणि कुठल्या थरात किती औषध मुरलं ते मोजतात. जेल वापरणाऱ्या रुग्णांच्या रक्तात औषध आढळलं नाही. खालचं पोट रिकामं राहणं हीच इथली कमाई.

एक अडचण मात्र काचेत सुटत नाही. चिमट्यातली कातडी निरोगी असते. रुग्णाची कुठं खवलेदार, कुठं जाड झालेली, कुठं फुटलेली. एकाच पाठीवर तीन प्रकारचे अडसर, आणि ट्यूब एकच.

ती ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची, बाहेर काढल्यावर अर्ध्या तासाच्या आत लावायची, ६० दिवसांनी टाकून द्यायची. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं झाल्यावर अर्धा तास थांबायचं आणि लावल्यावर चार तास आंघोळ नाही. कपडे घालण्याआधी पाच-दहा मिनिटं वाळू द्यायचं. तोवर विस्तवाजवळ जायचं नाही, कारण जेल पेट घेतं. हात पोचत नाही तिथं, पाठीवर, बायको किंवा मुलगा लावून देतो. लावणाऱ्यानं नायट्राइलचे हातमोजे घालायचे, आणि काढल्यावर साबणानं हात धुवायचे. त्याची कातडी निरोगी आहे, आणि औषध तिच्यातही मुरतं.