जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालकाची निवड : सहमती आणि नकार

आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या प्रमुखाची निवड केवळ उमेदवाराच्या योग्यतेवर अवलंबून नसते. संघटनेची निर्णयपद्धतीही तितकीच निर्णायक ठरते. नायजेरियाच्या माजी अर्थमंत्री न्गोझी ओकोंजो-इवेला यांची उमेदवारी या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत सदस्य-राष्ट्राच्या मताचे वजन प्रामुख्याने त्याच्या कोट्यानुसार ठरते. याउलट जागतिक व्यापार संघटनेत सर्व सदस्य समान मानले जातात व निर्णय सहमतीने होतात. महासंचालक रॉबर्टो अझेव्हेडो यांनी मुदतीपूर्वी, ३१ ऑगस्ट २०२० रोजी, पद सोडले. त्या जागेसाठी आठ उमेदवार होते. सदस्यांशी झालेल्या सल्लामसलतीच्या तीन फेऱ्यांतून ही संख्या प्रथम पाच, नंतर दोन झाली आणि २८ ऑक्टोबर २०२० रोजी ओकोंजो-इवेला यांच्या नावाची शिफारस झाली. अमेरिकेने मात्र दक्षिण कोरियाच्या व्यापारमंत्री यू म्यूंग-ही यांना पाठिंबा देऊन सहमती रोखली. नियमांत अखेरचा उपाय म्हणून मतदानाची तरतूद असूनही तिचा अवलंब झाला नाही. अमेरिकेत सत्तांतर झाल्यानंतर, ५ फेब्रुवारी २०२१ रोजी यू यांनी माघार घेतली व अमेरिकेनेही पाठिंबा जाहीर केला. १५ फेब्रुवारीला नियुक्ती होऊन १ मार्चपासून या पदावर प्रथमच एक महिला व आफ्रिकी व्यक्ती आली.

तात्पर्य, सहमतीचा नियम दुर्बल राष्ट्रांना समान स्थान देतो. परंतु तोच नियम प्रबळ राष्ट्राच्या हाती अलिखित नकाराधिकारही देतो. सहा महिने रिक्त राहिलेले महासंचालकपद हे त्याचेच द्योतक होय.